मटण चालतं, कांदा चालत नाही

सातारा-सांगलीकडे निघालेल्या माणसाला लोक किल्ले सांगतात, घाट सांगतात, धरणं सांगतात. मी परत आल्यापासून मला कोणी विचारलं, तर मी आधी संडास सांगते. कुठल्या पेट्रोल पंपावरचा स्वच्छ आहे, कुठल्या ढाब्यावरच्याला आतून कडी नाही, आणि कुठे किल्ली मालकाच्या खिशात असते नि मालक घरी जेवायला गेलेला असतो. ही माहिती कुणी लिहून ठेवत नाही, आणि त्यामुळे माझ्यासारख्यांचे निम्मे प्रवास घरातच राहतात.

माझ्यासारख्या म्हणजे आयबीएसवाल्या. सगळ्या तपासण्या चांगल्या येतात, रिपोर्ट बघून डॉक्टर अभिनंदन करतात, आणि पोट मात्र कधी फुगतं, कधी पिळतं, कधी ऐन मीटिंगमध्ये पळायला लावतं. "तुमचं आतडं चिडचिडं आहे," डॉक्टर म्हणाले.

"एकटं आतडंच?" शेजारच्या खुर्चीवरून हे म्हणाले. हे म्हणजे माझे यजमान. ह्यांना लोखंड तळून दिलं तरी पचतं.

मग आहारतज्ज्ञ बाईंनी मला पथ्य घालून दिलं. काही आठवडे कांदा, लसूण, गहू, दूध, डाळी, उसळी बंद. त्यानंतर एकेक पदार्थ थोडाथोडा परत सुरू करायचा आणि त्रास नेमका कोण देतो ते बघायचं. "हे कायमचं नाही," बाई म्हणाल्या, "हा तपास आहे." असं मुद्देसूद बोलणाऱ्या माणसावर माझा लगेच विश्वास बसतो. मी फ्रिजवर तक्ता लावला आणि सुरुवात केली. कित्येक वर्षांनी पोट गप्प बसलं. ऑफिसात मी दरवाजाजवळची खुर्ची सोडून आत बसायला लागले.

आणि नेमका तेव्हाच कडेगावचा कार्यक्रम ठरला. आमचा मुलगा सुजय आणि ऋतुजा पुण्यात एकाच कंपनीत आहेत. त्यांचं त्यांनी ठरवलेलं होतं. आता आम्ही तिच्या घरी जाऊन मुलगी बघायची, असा रीतसर कार्यक्रम रविवारी होता. सुजयने मला एकच सूचना दिली.

"आई, तिथे जेव. पोटभर जेव."

"अरे, पण माझं पथ्य..."

"आधीच्या स्थळाच्या वेळी मुलाची आई ॲसिडिटी आहे म्हणाली आणि नुसता दहीभात खाऊन उठली. ऋतुजाच्या आक्कांनी दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला, की आमचंही जमत नाही."

ऋतुजाची आई ती लहान असतानाच गेली. वडील तेव्हा सैन्यात. तिला वाढवलं ते ह्या आक्कांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीने. त्या घरात आक्कांचा शब्द शेवटचा. आणि त्या भागात मुलाकडची बाई मुलीच्या घरी नीट जेवली नाही, तर तो नकार धरतात. थोडक्यात, मी जेवले तर माझं पोट बिघडणार आणि नाही जेवले तर मुलाचं लग्न मोडणार. मी बॅग भरायला घेतली.

रहिमतपूर

शुक्रवारी दुपारी ह्यांच्या थोरल्या बहिणीकडे, शालन वन्संकडे पोचलो. रहिमतपूर हे बाजाराचं गाव. घरापुढच्या अंगणात गल्लीतल्या बायका घेवडा निवडत बसल्या होत्या. टपोरा, ठिपक्याठिपक्यांचा घेवडा. पूर्वी मी तो पाहिला की किलोने घ्यायचे. आता त्याच्याकडे बघताना मला वाघाच्या पिंजऱ्यापुढे उभं राहिल्यासारखं वाटलं.

वन्संना मी फोनवर सगळं समजावून सांगितलेलं होतं. त्यांनी माझ्यासाठी वेगळं वांगं केलं होतं.

"कांदा न्हाई, लसूण न्हाई. भांडं बी येगळं घासून घेतलंय. जेव बिनघोर."

वांगं लालभडक होतं, वर तेलाचा तवंग, आणि चव अशी, की मी ज्वारीची दुसरी भाकरी मागितली. इतक्या आठवड्यांनी तोंडाला अशी चव आली म्हणून मी अगदी गहिवरून रेसिपी विचारली.

"काय न्हाई गं मंगल. दाण्याचं कूट, मीठ, आन् आपली चटणी."

माझा हात थांबला. "चटणीत काय असतं, वन्सं?"

"मिरची."

"आणि?"

"खोबरं, तीळ, धनं..."

"आणि?"

"आणि कांदा-लसूण. पर त्यो चटणीतला गं! चटणीतला कांदा म्हंजे कांदा व्हय?"

ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. इथली चटणी म्हणजे ताटात डावीकडे वाढतात ती नव्हे. उन्हाळ्यात लाल मिरची, भाजलेलं खोबरं, परतलेला कांदा आणि भरपूर लसूण एकत्र कुटून वर्षभरासाठी बरणीत भरतात, ती चटणी. भाजीत ती, आमटीत ती, मटणात ती, आणि काहीच नसलं तर भाकरीवर तेल घालून नुसती ती. इथे कांदा म्हणजे विळीवर चिरतात तो. चटणी हा घराचा एक भाग आहे. तिच्यात काय आहे असं कोणी विचारत नाही, जसं भिंतीत काय आहे हे विचारत नाहीत.

दिवेलागणीला पोटाने मत नोंदवलं. वन्संच्या घरचा संडास अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात. बायका अजून घेवडा निवडतच होत्या. प्रत्येक खेपेला मला त्यांच्यामधून वाट काढावी लागत होती. पहिल्या खेपेला त्या हसल्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी सुपं बाजूला घेऊन वाट करून दिली. त्यानंतर मी दारात दिसले, की अंगणातूनच आवाज यायचा, "सरका गं, पुण्याच्या वयनी निघाल्या."

सांगली

शनिवारी मी फक्त भात आणि मीठ-पाणी ह्यावर राहिले, आणि कामाचा एक नियम करून घेतला. "कांदा-लसूण आहे का?" असं विचारायचंच नाही. "काय काय घातलंय?" असं विचारायचं आणि शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं.

सांगलीत आम्ही लॉजवर उतरलो. ह्यांना हळदीच्या बाजारातून वर्षाची हळद घ्यायची होती, आणि मला कुणाच्या घरी उतरून दुसरं वांगं खायचं नव्हतं. मी घरून छोटा विजेचा कुकर नेला होता. तांदूळ धुऊन लावले, बटण दाबलं आणि अख्ख्या मजल्याचे दिवे गेले. मॅनेजर बॅटरी घेऊन आला आणि नाकाने वास घेत दारात उभा राहिला.

"म्याडम, तुमी खोलीत भात लावलाय व्हय?"

"तब्येतीसाठी," मी म्हणाले.

"आवं मग खाली सांगायचं की! आमची मंडळी करून देतील. डाळ लावू का संगट?"

डाळ नको म्हटल्यावर त्याने ह्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू बाईला नुसता कोरडा भात घालणारा हाच तो माणूस. भात मात्र त्याच्या बायकोने मऊसूत करून पाठवला, वर गाजराच्या चकत्या.

बाजारात हळदीचा वास असा कोंदलेला असतो, की बाहेर आल्यावर रुमालही पिवळा वाटतो. मी तिथल्या एका दुकानात हिंग मागितला. माझ्या पथ्यात लसणाची जागा हिंग भरून काढतो, पण आपला नेहमीचा डबीतला हिंग गव्हाच्या पिठात मुरवलेला असतो, हे मला ह्या आजारापायीच कळलं. "पीठ नसलेला द्या," मी म्हणाले. दुकानदाराने कागदाच्या पुडीतून राळेसारखे खडे काढले आणि बजावलं, "मावशी, ह्यो लय कडक हाय. मोहरीएवढाच घाला. जास्त पडला तर शेजारी सोडून जातील." मी तो तीन पिशव्यांत बांधला, तरी बॅगेतल्या साड्यांना वास लागला तो लागलाच.

संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसलो. पाणी संथ होतं, वारा गार होता. हे कागदातलं भडंग खात होते. भडंगात तळलेला लसूण असतो. मोह नको म्हणून मी वाऱ्याच्या वरच्या बाजूला सरकून बसले.

"उद्याचं काय करणार आहेस?" ह्यांनी विचारलं.

"सरळ सांगणार आहे."

"मुलगी बघायला जाऊन पोटाचं सांगणार?"

"मग काय, खाऊन पोटाला सांगू दे?"

ह्यांनी भडंगाचा कागद माझ्यापासून आणखी लांब धरला.

कडेगाव

रविवारी सकाळी सुजय पुण्याहून थेट आला आणि आम्ही एकत्र निघालो. रस्ताभर ऊस. पुढे उसाचे ट्रॅक्टर, मागे उसाचे ट्रॅक्टर, मधून कारखान्याच्या मळीचा वास. मग एकदम उघडे माळ, आणि पाटाचं पाणी जिथे पोचलंय तिथे पुन्हा ऊस. कडेगावच्या अलीकडे ऋतुजाचं घर. बांधकाम नवं, गोठा मोठा, दारात मांडव घातल्यासारखी माणसं. भावकी झाडून सगळी आली होती. पांढरेशुभ्र कपडे आणि पिळदार मिशा असलेले ऋतुजाचे वडील पुढे आले. ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले, आणि गाव त्यांना अजून सुभेदारच म्हणतं.

पहिली अडचण चहाची. मी कोरा चहा मागितला.

सुभेदारांचा चेहरा पडला. "गोठ्यात म्हशी बांधल्यात आन् पाव्हण्या बाईस्नी कोरा च्या? गाव काय म्हनंल आमाला?"

दाट दुधाचा चहा आला. मी कप हातात धरून बसले, ह्यांनी स्वतःचा संपवला आणि बोलता बोलता माझा उचलला. आमच्या संसाराला इतकी वर्षं झाली, अशी तत्परता मी पहिल्यांदा पाहिली.

आतून मटणाचा वास यायला लागला. पुरुषांची पंगत बसत होती. आता मात्र वेळ घालवून चालणार नव्हतं. मी उठून सरळ स्वयंपाकघरात गेले.

आक्का चुलीपुढे पाटावर बसल्या होत्या. उंच, काटक, कपाळावर ठसठशीत गोंदण. दोन मोठी पातेली रटरटत होती.

"आक्का, एक सांगायचंय. मला कांदा-लसूण चालत नाही."

आक्कांनी पळी खाली ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला हात जोडले.

"माळ घातली व्हय ताई? आवं आदी सांगायचं की! आन् आमी हितं मटान शिजवून बसलोय. अगं ए, झाका गं ती पातेली!"

"नाही नाही, माळ नाही घातली. मटण चालतं मला."

झाकण घेऊन निघालेली बाई पातेल्यापाशीच थांबली.

"मटान चालतं," आक्का म्हणाल्या.

"हो."

"आन् कांदा चालत न्हाई."

"नाही."

आक्कांनी थोडा विचार केला. "ह्यो कंचा द्येव म्हनायचा?"

"देव नाही, आक्का. डॉक्टर."

मी सगळं सांगितलं. लाजायला वेळ नव्हता, म्हणून सगळंच सांगितलं, रहिमतपूरच्या अंगणासकट. बायकांनी तोंडाला पदर लावले. आक्का हसल्या नाहीत. त्या एकेक विचारत गेल्या.

"गहू?"

"बंद."

"दूध?"

"बंद."

"डाळ?"

"बंद."

"मग तुमी जगताय कशावर, बया?"

"भात, भाकरी, अंडी, मटण, शेंगदाणे, गाजर."

"आळनी रस्सा चालंल का? बाळंतिनीला देतो तसला?"

आता मागची एक बाई मोठ्याने हसली. "पोरगी बगायला आल्या आन् सासूबाईच बाळंतीन झाल्या!"

पण ह्या बिनतिखटाच्या अळणीतही अडचण निघाली. माझ्या नियमाप्रमाणे मी विचारलं, काय काय घातलंय. मटण शिजायला टाकतानाच खाली कांदा परतलेला होता. कच्चं मटण उरलं नव्हतं. आक्का मागच्या दारात गेल्या आणि अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "सुभेदार! कोंबडी धरा!"

आणि मग पुढच्या सोप्यात, म्हणजे ओसरीत, येऊन त्यांनी पंगतीला सांगितलं, "पोराची आई जेवाय बसल्याबिगर कुनी घास मोडायचा न्हाई."

मीही मागोमाग सोप्यातल्या खिडकीपाशी येऊन बसले. भाकऱ्या वाढलेल्या, रस्सा वाढलेला, वाफा निघतायत आणि सगळी भावकी हात धुऊन बसलेली. खिडकीतून सुभेदार दिसत होते. कडक इस्त्रीच्या कपड्यांत ते एका तांबड्या कोंबडीला उसाच्या कडेने घेरत होते. कोंबडी त्यांच्याहून चपळ होती. ह्यांनी पानापलीकडून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं मी वर्णन करत नाही.

खोळंबलेली माणसं गप्प बसत नाहीत.

"काय हुतंय म्हनं त्यास्नी?"

"पोट."

"मला बी हाय की. हरभऱ्याची आमटी खाल्ली का ढोल हुतोय."

"तुला आमटीनं न्हाई रं, तुला फुकटच्या जेवनानं हुतोय."

सुभेदारांचे चुलतभाऊ, सैन्यातलेच, सगळे त्यांना हवालदार म्हणतात, ते खाकरून मला म्हणाले, "ताई, जरा इस्कटून सांगा. सगळं बंद करायचं आन् मग?"

"मग एकेक परत घालायचं. आज थोडा लसूण, काही दिवस बघायचं. मग थोडा कांदा. मग गहू. ज्याने त्रास होतो तो सापडतो. सगळेच दोषी नसतात."

"म्हंजी वळख परेड!" हवालदार मांडी थोपटून म्हणाले. "एकेकाला फुडं उभा करायचा."

"आमच्याकडे अजून सगळे कोठडीतच आहेत," हे म्हणाले. उपाशी माणसाच्या मानाने विनोद बरा होता.

त्यानंतर माझ्यासमोर अक्षरशः रांग लागली. कुणाला दुधाने जळजळ, कुणाला पावाने फुगारा. मी प्रत्येकाला एकच सांगितलं, की आधी डॉक्टरांना दाखवा, मनाने काही सोडू नका. ते कुणालाच आवडलं नाही.

कोंबडी अखेर शिजली. हळद, मीठ, आलं, मिरी आणि माझ्या पुडीतला मोहरीएवढा हिंग. सगळ्यांच्या ताटात लाल रस्सा, माझ्या ताटात पिवळा. आत, दारातून सोपा दिसेल असं माझं पान मांडलं, आक्का माझ्यासमोर पाट घेऊन बसल्या आणि मी पहिला घास मोडला. सोप्यात सगळ्यांचे हात एकदम ताटात पडले, तो आवाज मी विसरणार नाही.

रस्सा उत्तम झाला होता. गावठी कोंबडीला मुळात कशाची मदत लागत नाही. मी एक वाटी संपवली, दुसरी मागितली, भातावर तिसरी घेतली. ताट पुसून स्वच्छ केलं. सुजयने लांबून हळूच अंगठा दाखवला. झालं, जिंकलो, असं मी मनात म्हणाले.

"एक इचारू का ताई?" आक्का म्हणाल्या. "राग मानू नगा."

"विचारा ना."

"आमची पोरगी तुमच्यात काय खानार?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"तिला आई न्हाई. मी वाढीवली. चटणी-भाकरीवर वाढीवली. आता जितं सासूच कांदा खात न्हाई, तितं सुनंनं कसा खायचा? तुमी म्हनाल, खा बाई, आमचं काय म्हननं न्हाई. पर समोरचं मानूस आळनी खातंय म्हनल्यावर तिच्या घशाखाली उतरंल व्हय चटणी? लाजंनं सोडंल ती. मला ठावं हाय ती."

मी तीन दिवस माझ्या जेवणाची तयारी करत होते. मुलीच्या जेवणाचा विचार माझ्या डोक्यातसुद्धा आला नव्हता. जमलेलं सगळं ह्याच एका प्रश्नावर अडकलं होतं, आणि प्रश्न अगदी रास्त होता.

"आक्का, आमच्याकडे रोज दोन पातेली चढतात," मी म्हणाले. "एक माझं, एक ह्या दोघांचं. त्यांची लसणाची फोडणी मीच घालते. मला त्रास खाल्ल्याने होतो, वासाने होत नाही."

"माझ्याकडं बघा, आक्का," हे सोप्यातून म्हणाले. "मी उपाशी राहणारा दिसतो का?"

सगळे हसले. आक्का नाही हसल्या. त्या दाराशी उभ्या असलेल्या ऋतुजाकडे वळल्या.

"तू काय म्हंतीस गं?"

ऋतुजा खरं बोलणारी मुलगी आहे. ती पटकन म्हणाली, "आक्का, त्या देतात की कांदा. गेल्या शनिवारी झुणका केलाच होता त्यांनी, भरपूर कांदा घालून."

कुणाच्या तरी हातातला पेला खाली पडला.

"गेल्या शनवारी," सुभेदार सावकाश म्हणाले. त्यांच्या बाहीला अजून कोंबडीचं पीस चिकटलेलं होतं. सुजयला जोराचा ठसका लागला. मी माझ्या पुसून स्वच्छ केलेल्या ताटात काही सापडतं का ते बघायला लागले.

"म्हंजी पोरगी बगायचा कारेक्रम तुमी पुन्यातच उरकलाय," आक्का म्हणाल्या, "आन् आमी हितं कोंबड्यांच्या मागं पळतोय!"

आक्का ऋतुजाकडे रोखून बघत होत्या.

"झुनका कसा हुता?"

"चांगला होता." ऋतुजाने माझ्याकडे पाहिलं आणि खरं तेच सांगितलं. "चटणी जरा कमी होती."

आक्कांनी मान हलवली. "चटणी मी दिईन," त्या म्हणाल्या.

एवढंच. सोप्यात हवालदारांनी "वाढा रं रस्सा!" म्हणून आरोळी ठोकली आणि दुसरी पंगत बसल्यासारखा गोंधळ सुरू झाला. मी सुजयकडे बघितलं. तो पाणी पीत होता आणि त्याचे डोळे लाल झाले होते. ठसक्यानेच असतील.

निघताना आक्कांनी मला देवापुढे पाटावर बसवलं. हळदीकुंकू लावलं, खण-नारळ माझ्या पदरात ठेवला आणि ओटी भरायला सुपातल्या गव्हांत हात घातला. ओंजळ भरून वर आली आणि तिथेच थांबली. आक्कांनी ओंजळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गहू परत सुपात ओतले.

"तांदूळ आन गं ऋतुजा."

"असू द्या हो आक्का," मी म्हणाले. "ओटीचे गहू काय लगेच दळून खायचे असतात?"

"मग घरी न्हेऊन कुनाला वाटत बसशिला?" त्यांनी तांदळाची ओंजळ भरली. "पदर नीट धरा, इहीनबाई."